सत्ताविसावे वाक्य

यामिनीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि पेन्सिलचे टोक पडद्यावरच्या एका रांगेवरून वरून खाली नेले.

"काका, हे बघा. आंजी गावचे चौसष्ट लोक. सत्ताविसाव्या वाक्याला चौसष्टच्या चौसष्ट जणांनी तीनच म्हटलंय."

श्रीनिवासरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. रांग तशीच होती. तीन, तीन, तीन. पाढा म्हणताना अडकलेल्या मुलासारखी.

सिंदी मेघेतल्या त्यांच्या घरासमोरच यामिनीचे घर. ती मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. शेतकरी घरांतल्या म्हाताऱ्या माणसांचे स्वभाव हा तिचा विषय. साठ वाक्यांची प्रश्नावली होती. 'मी हातातलं काम पूर्ण केल्याशिवाय सोडत नाही.' 'मला लवकर राग येतो.' प्रत्येक वाक्य वाचून दाखवायचे आणि ते स्वतःबद्दल कितपत खरे आहे ते समोरच्याने सांगायचे. एक म्हणजे अगदी खोटे, पाच म्हणजे अगदी खरे, तीन म्हणजे सांगता येत नाही. श्रीनिवासरावांनी आंजीच्या शाळेत अकरा वर्षे शिकवले होते, म्हणून तिथले फॉर्म भरून आणायचे काम तिने त्यांना दिले होते. खरे तर 'अनोळखी माणसांशी बोलायला मला आवडतं' या वाक्याला त्यांनी स्वतः एक लिहिला होता. तरी ते हो म्हणाले. निवृत्तीनंतर कोणी त्यांना काम असे सांगितले नव्हते.

"समुद्रपूरचे फॉर्म नीलेशनं भरून आणले. तिथे एकपासून पाचपर्यंत सगळं आहे," यामिनी म्हणाली. "आंजीतच असं काय झालं?"

"लोक संकोची आहेत. मधलंच सांगतात."

"बाकीच्या वाक्यांना नाही सांगितलं."

तिने पेन्सिल टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी डोळे चोळत बसली. तिने रागावून विचारले असते तर श्रीनिवासरावांना कदाचित आणखी एखादे कारण सुचले असते.

"मी ते विचारलंच नाही," ते म्हणाले.

वाक्य त्यांना पाठ होते. 'आपला कोणाला काही उपयोग नाही, असं मला पुष्कळदा वाटतं.'

"पहिलंच घर अण्णाजींचं होतं. त्यांच्या सचिनला मी शिकवलंय. मागच्या वर्षी अण्णाजींचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ते ओसरीवरच असतात. त्यांच्या तोंडावर हे कसं वाचायचं? त्यांच्या बायकोला, नलूताईंनाही नाही वाचून दाखवलं. मी तीनला गोल केला आणि पुढे गेलो." ते थांबले. "मग दुसऱ्या घरी विचारणं बरं दिसेना. त्यांना नाही विचारलं, यांना का विचारायचं? सगळ्यांना सारखं असावं म्हणून..."

"सगळ्यांना सारखं," यामिनी म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात काही नव्हते.

"ते एक वाक्य काढून टाकलं तर?"

"वाक्य काढता येईल, काका. पण का काढलं ते माझ्या गाईड सरांना सांगावं लागेल. एक उत्तर आपणच भरलं म्हटल्यावर बाकीची एकोणसाठ कोण खरी धरेल? आणि आंजीच वगळली तर माणसं पुरत नाहीत. दोनदा मुदत वाढवून घेतली आहे. आता महिनाअखेर. त्यानंतर नोंदणीच रद्द."

"माझं नाव सांग. म्हातारा चुकला म्हण."

"तुमचं नाव सांगून प्रबंध होत नाही." तिने लॅपटॉप मिटला. "सगळे परत भरू. उद्यापासून. आपण दोघं."

दारापर्यंत ती त्यांना सोडायला आली. चपला घालताना ते वाकले होते, तेव्हा म्हणाली, "प्रश्नावलीच्या चाचणीच्या वेळी तुम्ही तुमचाही फॉर्म भरला होता. त्यातही सत्ताविसाव्याला तीनच आहे. तो तरी खरा ना?"

श्रीनिवासराव चपलेचा अंगठा नीट करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते दोघे आंजीला उतरले. अण्णाजी ओसरीवर काठी मांडीवर आडवी घेऊन बसले होते.

"या गुरुजी, बसजा. तेच पर्चे घेऊन आले काय? मंग नापास झालो ना आम्ही?"

"तुम्ही नाही. मी नापास झालो," श्रीनिवासराव म्हणाले.

"घ्या! मास्तरच नापास!" अण्णाजींनी काठी आपटली. "नलू, आयकलं काय व? यायले आता छड्या कोण मारन?"

नलूताई पाखडायच्या तुरीच्या डाळीचे सूप घेऊन दारात आल्या. "गुरुजी, तुमच्या खिशाले शाई लागली," त्या तिथूनच म्हणाल्या. श्रीनिवासरावांनी मान वाकवून पाहिले. मोहरीएवढा ठिपका होता.

एकाला विचारताना दुसऱ्याने जवळ नसावे असा नियम होता. अण्णाजींना अंगणातल्या बाजेवर बसवून यामिनी नलूताईंना वाचून दाखवू लागली. उत्तरे भराभर येत होती. सव्विसावे झाले आणि यामिनीने कागद श्रीनिवासरावांच्या हातात दिला.

"हे तुम्ही विचारा, काका."

त्यांनी वाचले. आवाज वर्गात लागायचा तसा लागला नाही.

"खोटं," नलूताई म्हणाल्या. "साफ खोटं. मी एक दिवस पोरीकडं गेली तं या घरात कोणाले मीठ सापडत नाई. बिनकामाची कशी होईन मी? पुढचं वाचजा."

त्यांनी एकला गोल केला. पेन इतके दाबले गेले की कागदाला खळगा पडला. दोन महिने ज्या उत्तरापासून आपण या बाईंना जपत होतो ते त्यांनी डाळ पाखडता पाखडता देऊन टाकले होते.

मग नलूताई सूप घेऊन आत गेल्या आणि अण्णाजी ओसरीवर आले. आतून पाखडण्याचा आवाज येऊ लागला.

अण्णाजींनी सव्वीस वाक्यांवर सव्वीस विनोद केले. 'मला लवकर राग येतो' याला म्हणाले, "बायकोले इचारून सांगतो." 'मला नव्या जागा पाहायला आवडतात' याला म्हणाले, "या ओसरीवरून त्या ओसरीवर जातो कधी कधी. लिहा चार." यामिनीही एकदोनदा हसली. पुढच्या वाक्याला तिने पुन्हा कागद सरकवला.

श्रीनिवासरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"थांबले काऊन गुरुजी? अक्षर लागून नाई राह्यलं काय?"

"'आपला कोणाला काही उपयोग नाही, असं मला पुष्कळदा वाटतं.'"

अण्णाजींचे तोंड विनोदासाठी उघडले होते, ते तसेच राहिले. त्यांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला.

"अजून एक डाव वाचजा."

श्रीनिवासरावांनी पुन्हा वाचले. आतला सुपाचा आवाज थांबला होता.

"पाच," अण्णाजी म्हणाले. "पाच म्हंजे अगदी खरं, हो ना? मंग पाच लिहा."

श्रीनिवासरावांनी लिहिले.

"मागच्या टायमाले हा सवाल नव्हता, गुरुजी."

"नव्हता."

"तेच म्हणलं. असता तं मले याद राह्यला असता."

उरलेली तेहेतीस वाक्ये यामिनीने वाचली. अण्णाजींनी नुसते आकडे सांगितले. शेवटी पहिली सही वाकडी आली, म्हणून त्यांनी ती दोनदा केली.

नलूताई बाहेर आल्या. कोणाकडे न पाहता त्यांनी सूप अण्णाजींच्या मांडीवर ठेवले.

"एवढे खडे पाह्यजा बरं. मले दिसून नाई राह्यलं."

अण्णाजींनी एकदा बायकोकडे पाहिले, एकदा सुपाकडे. मग काठी भिंतीला टेकवली आणि डाळीत बोट घातले.

गल्लीत आल्यावर यामिनीने फॉर्म पिशवीत ठेवले. दोन झाले होते. ऊन चढले होते आणि पुढचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, तानबाचे होते. श्रीनिवासरावांचे गुडघे बसमध्येच दुखू लागले होते, पण ते तिच्या बरोबरीने चालत राहिले.

"यामिनी, एक कोरा फॉर्म माझ्यासाठी ठेव."

"तुमचा चाचणीतच झाला, काका. आणि तो मोजणीत धरत नाहीत."

"तरी ठेव," ते म्हणाले.