एका तारेला बांधलेले दोघे

"ही गोष्ट कुणाला खरी वाटत नाही," दादांनी घसा खाकरला, "पण तू पडलीस माझी सख्खी बहीण. तुला ऐकावीच लागेल."

दवाखान्यात, दुर्बिणीने पोट तपासायच्या खोलीबाहेर, बाकावर, बहीण पिशवी छातीशी कवटाळून बसली होती. तिच्या पोटातल्या व्रणातून रक्त झिरपत होतं. तोंडातून नळी घालून, तिच्यातून सरकवलेल्या तारेच्या टोकाने तिथे चिमुकली क्लिप लावायची, की झालं. पण क्लिप कधीकधी तारेलाच अडकून बसते असं शेजारीण बोलून गेली, आणि हिने घरी जायचा हट्ट धरला. आज ही उठून गेली तर पुन्हा यायची नाही, आणि अंगात रक्त तरी कितीसं उरलं होतं! दादांचा जीव टांगणीला लागला होता. मागे त्यांनाही अशीच क्लिप लावली होती आणि ती अडकली होती, हे खरं. डॉक्टरांनी हलकेच फिरवल्यावर सुटली, हेही खरं. पण एवढ्या सरळ गोष्टीने बहीण तसूभर हलली नव्हती. मग दादांनी ठेवणीतला माल काढला.

"क्लिपने माझं पोट धरलं ते धरलं, तारही सोडेना. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला डॉक्टर! तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन. आत रेंज नाही. तो निघाला खिडकीकडे, मागोमाग मी, खाटेसकट."

"काहीतरीच तुझं!"

"चाकं होती म्हणून निभावलं गं."

नर्सने दार उघडलं. "चला मावशी."

बहीण उठली, पण नजर दादांवरच. "पुढे काय झालं?"

"पुढे? बायको विचारते, कुणाबरोबर आहात? हा बिचारा ततपप करतोय." बोलता बोलता दादांनी तिला आत नेलं, पिशवी काढून घेतली. "शेवटी मीच ओरडलो, वहिनी, निश्चिंत राहा, मी यांना सोडत नाही! ती हसली, हा हसला, त्याचा हात हलला, आणि क्लिप खटकन मोकळी!"

बहीण खुदखुदतच खाटेवर आडवी झाली. नर्सने दातांत धरायचं प्लास्टिकचं कडं पुढे केलं, मधोमध नळीपुरतं भोक असलेलं. बहिणीने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, आणि ताडकन उठून बसली.

"दादा, हे दातांत, नळी घशात. मग तू वहिनीला ओरडून सांगितलंस कशाने रे, लबाडा?"