घट्ट झाकण

बाळ्यानं गोळ्यांची बाटली डाव्या हातात धरली, झाकण दाबून फिरवलं आणि कट्‌ असा आवाज आल्यावर ती बाबांच्या पुढ्यात ठेवली. बाबांनी एक गोळी तळहातावर काढून घेतली. त्यांच्या बोटांचे सांधे कधीचेच आखडले होते. शर्टाचं वरचं बटणसुद्धा ते हल्ली उघडंच ठेवत. गोळी गिळून झाली, पेला खाली ठेवला, आणि मग सहज सांगितल्यासारखं करून म्हणाले,

“जावईबापूंना विचारलं मी. ते म्हणतात, इंजिन बदलूनच टाका.”

बाळ्यानं झाकण परत लावलं. जरा जोरातच लावलं.

“कधी विचारलंत?”

“तू दुकानात होतास तेव्हा आले होते. गॅरेजलाही जाऊन आलो आम्ही दोघं.”

आम्ही दोघं. हे दोन शब्द बाळ्याला असे काही लागले, की बाटली कपाटात ठेवायची सोडून तो ती हातातच घेऊन उभा राहिला.

बाळ्या म्हणजे कुणी पोर नव्हे. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, चष्म्यांच्या दुकानाचा मालक. पण घरात जावई हे जावईबापू आणि तो बाळ्या, ही वाटणी ताईच्या लग्नापासून पक्की होती. जावईबापू पूल बांधणारे इंजिनिअर. उंच, शांत, कमी बोलणारे. असल्या माणसावर रागवायला काही कारण सापडत नाही, आणि बाळ्याला त्याचाच जास्त राग यायचा. घराला रंग कोणता द्यायचा? जावईबापूंना विचारू. खिडकीला जाळी बसवायची का? जावईबापूंना विचारू. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठल्या डॉक्टरकडे करायचं, हेसुद्धा जावईबापूंना विचारून ठरलं. चष्म्याचं दुकान कुणाचं? बाळ्याचं. गावातले सगळे डोळ्यांचे डॉक्टर कुणाच्या ओळखीचे? बाळ्याच्या. त्या वेळी तो मूग गिळून गप्प बसला होता.

पण गाडी त्याची होती. म्हणजे कागदावर बाबांची, पण जीव लावला होता तो बाळ्यानं. बाबांनी ती हायब्रिड गाडी निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतली, तेव्हा पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही, हे कुणाला खरंच वाटायचं नाही. सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद पडायचं, शेजारी बसलेला पाहुणा दचकायचा, आणि बाबा त्या दचकण्याचीच वाट बघत असायचे. बोटं आखडल्यावर त्यांनी किल्ली बाळ्याकडे दिली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी बॉनेट उघडून तेल बघायचं, पाणी बघायचं, काचा पुसायच्या, हा बाळ्याचा नेम होता. बाबा वर खिडकीत बसून बघत असायचे. एवढं एक काम असं होतं, ज्यात जावईबापूंचं नाव निघत नव्हतं.

आणि ती गाडी परवा चढावर तापली. वाफ निघाली, शिट्टीसारखा आवाज झाला आणि इंजिन बसलं. बाबा शेजारीच होते.

“पूल बांधतात ते, बाबा,” बाळ्या म्हणाला. “गाड्या नाही.”

“इंजिनिअर आहेत रे.”

“म्हणून काय झालं? हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, गॅस्केट गेलंय, दुसरं काही नाही. इंजिन उघडायचं, हेड घासून सपाट करून घ्यायचं, नवं गॅस्केट टाकायचं. मूळचं इंजिन आहे ते. कुठल्या तरी ठोकलेल्या गाडीचं काढलेलं इंजिन आणून आपल्या गाडीत बसवायचं?”

“उघडायला नको,” बाबा एकदम म्हणाले. मग आवाज खाली आणून, “उघडलं की एकातून एक निघत बसतं. जावईबापू म्हणाले तसंच करू.”

खरं सांगायचं तर जावईबापू दुरुस्त करा म्हणाले असते, तर बाळ्या बदला म्हणाला असता. इंजिनाचं त्याला फारसं कळत नव्हतं. बाबांनी एकदा, एकदाच, त्याच्याकडे वळून ‘तुला काय वाटतं रे?’ असं विचारावं, एवढंच त्याला हवं होतं. ते काही बाबांनी विचारलं नाही.

स्वयंपाकघरात बायको भांडी पुसत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“ते झाकण जरा सैल लावत जा,” ती म्हणाली. “तू नसलास की बाबा बाटली मांडीवर घेऊन बसून राहतात. मलाही उघडत नाही.”

“मुलांच्या हाताला लागू नये म्हणून घट्ट लावतो.”

“मुलं कॉलेजात जातात आता.”

“हो ना. मला काय, या घरात झाकणं उघडायलाच ठेवलंय. विचारायला दुसरी माणसं आहेत.”

“भावोजींवरचा राग बाटलीवर काढू नकोस, एवढंच म्हणते मी.”

बाळ्याला हे झोंबलं, कारण ते खरं होतं. त्यानं स्कूटरची किल्ली उचलली, दुकानातल्या पोरीला उशिरा येतो म्हणून कळवलं आणि सरळ गॅरेज गाठलं. वाटेत त्यानं वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. भावोजींना ते समोर ऐकवता येणार नाही याचं त्याला वाईट वाटत होतं.

गॅरेज एका बाईंचं होतं. डोक्याला रुमाल बांधून त्या कुणाच्या तरी चाकाशी बसल्या होत्या. बाळ्याला बघून उठल्या आणि हात पुसत आल्या. गाडी कोपऱ्यात, बॉनेट वर करून उभी होती.

“इंजिन उघडा,” बाळ्या म्हणाला. “दुरुस्तच करायचंय. दुसऱ्या कुणी काही सांगितलं असेल तर ते विसरून जा.”

“उघडते की. हेड वाकलेलं असणार, पण बघू. दुरुस्त झालं तर झालं.” बाई जरा थांबल्या. “फक्त कशानं झालं ते बघायला उघडा म्हणत असाल, तर नको. ते पहिल्या दिवशीच सापडलंय.”

“कशानं झालं?”

बाईंनी त्याला गाडीशी नेलं आणि बोटानं दाखवलं.

“हायब्रिडला पाण्याच्या टाक्या दोन असतात. ही पुढची, बॅटरीकडच्या यंत्राची. आणि ती मागे, काचेखाली दडलेली, ती इंजिनाची. दोन्हीत पाणी गुलाबीच. कुणी तरी आपलं पुढच्याच टाकीत बघतंय. ती काठोकाठ, आणि मागची कोरडी ठणठणीत. पंप थोडा थोडा गळत होता, तेही त्यामुळे कुणाला कळलं नाही.”

बाळ्यानं वाकून पाहिलं. पुढच्या टाकीचं झाकण स्वच्छ होतं, दर रविवारी फडक्यानं पुसलेलं. मागच्या झाकणावर धूळ बसून बसून त्याच्यावरची अक्षरं बुजली होती. लोकांच्या डोळ्यांना नंबर काढून देणारा माणूस तिथं दोन्ही हात टेकून वाकून राहिला.

“तुमच्या वडिलांनी लगेच कबूल केलं हो,” बाई म्हणाल्या. “म्हणाले, पाणी मीच घालतो, मला धड दिसत नाही. वयाप्रमाणे होतं असं. पण हाताला जोर मात्र आहे त्यांच्या. पुढचं झाकण इतकं पिळून लावलं होतं, की मला पकडीनं काढावं लागलं.”

बाळ्यानं पुढच्या झाकणाजवळचा हात काढून घेतला.

“मीच म्हटलं, उघडून बघू इंजिन. तर नको म्हणाले. उघडलं की मुलगा इथं येऊन उभा राहील आणि कशानं झालं, कशानं झालं म्हणून खोदून खोदून विचारेल. फार निगुतीनं सांभाळतो म्हणाले गाडी, त्याला फार लागेल.” बाई स्वतःशीच विचार केल्यासारख्या थांबल्या. “तुमच्या थोरल्या भावांनीही तेच सांगितलं. घरी टाक्यांचं काही बोलू नका, सरळ बदलायचं ठरलंय म्हणून सांगा.”

“थोरला भाऊ?”

“ते उंचसे, वडिलांना हाताला धरून घेऊन आले होते ते. मुलगाच ना?”

“जावई आहेत,” बाळ्या म्हणाला. “माझे भावोजी.”

“असं होय.” बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा टाकीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना आता सगळं कळलं आहे. “मी बोलायला नको होतं.”

घरी जाताना बाळ्याला लाज वाटत होती, पण लाजेच्याही आधी पोटात दुखत होतं ते वेगळ्याच गोष्टीनं. हेसुद्धा त्या दोघांनी मिळून केलं. त्याची चूक, त्याच्या रविवारची चूक, बाबांनी झाकली ती जावयाला बरोबर घेऊन. दोघं शेजारी शेजारी बसून कुजबुजले असतील. बाळ्याला सांगू नका हं. नाही नाही, बाबा, मी कशाला सांगतोय. इतक्या वर्षांत बाबा त्याच्यासाठी कधी खोटं बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि आता बोलले तेव्हा साक्षीला तो माणूस. वाटेत त्यानं ठरवलं, की दोघांना समोरासमोर बसवून विचारायचं. दारात त्याला भावोजींचे बूट दिसले, तेव्हा तर बरंच झालं असं वाटलं.

दार लोटलेलं होतं. आतून भावोजींचा आवाज आला.

“द्या इकडे, मी उघडतो.”

“असू द्या,” बाबा म्हणाले.

“अहो, गोळीची वेळ टळून गेलीय.”

“येईलच तो एवढ्यात.”

“बाबा, झाकणच तर आहे. मी आहे की इथं.”

“नको. बाळ्याशिवाय नाही उघडत ते.”

बाळ्यानं एक चप्पल काढली होती. दुसरी काढायला त्याला बराच वेळ लागला.

तो आत गेला तेव्हा बाटली बाबांच्या मांडीवर होती, दोन्ही हातांच्या मध्ये धरलेली. भावोजी समोरच्या खुर्चीत, चहाचा कप घेऊन. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं आणि दोघांनीही आपापली नजर दुसरीकडे नेली.

“जाऊन आलास का गॅरेजला?” बाबांनी विचारलं. “उघडायला सांगितलंस?”

“नाही सांगितलं.” बाळ्यानं बाटली त्यांच्या हातातून घेतली. “भावोजी म्हणतात तेच बरोबर आहे. बदलून टाकू इंजिन.”

“उघडून बघणार होतास ना?”

“नको, बाबा. उघडण्यासारखं काही नाही त्यात.”

कट्‌ असा आवाज झाला. त्यानं बाटली बाबांपुढे धरली. बाबांनी आखडलेल्या बोटांनी गोळी काढून घेतली. चेहऱ्यावरचा ताण उतरला तसे ते जरा मोकळे बोलायला लागले.

“नव्या इंजिनाचंही तूच बघायचं हं सगळं. तेल, पाणी. दुसऱ्या कुणाला नाही जमत ते.”

“बघतो की,” बाळ्या म्हणाला. “पाणी कुठल्या टाकीत घालायचं, तेवढं मात्र भावोजींना विचारून घेतो.”

भावोजींनी कप तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. बाबांनी पाण्याचा पेला उचलला, गोळी गिळली, पेला हळूच खाली ठेवला. मग बाबांनी बाळ्याच्या मनगटावर हात ठेवला, जेवढा बोटांना ठेवता येत होता तेवढा, आणि काढून घेतला.

स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन उभी राहिली होती. ‘सैल,’ असं तिनं नुसत्या ओठांनी सांगितलं.

बाळ्यानं मान डोलावली. मग भावोजींकडे पाठ करून त्यानं झाकण बाटलीवर ठेवलं, दाबलं, फिरवलं, आणि पूर्ण बसल्यावर वर आणखी एक पीळ दिला.