आजीचं वरण आणि पडवीतली काठवट

मित्रांनो, स्वयंपाकघरातून बाहेर काढलेली मी एक जुनी काठवट आहे. काठवट म्हणजे पीठ मळायची लाकडी परात. आमच्या वऱ्हाडात मला काठोट म्हणतात. माझ्यावर एकदा संशय घेतला गेला. पुढे तोच संशय माझ्यावरून उठून एका माणसावर जाऊन बसला. त्याची ही हकीकत.

बाळापूरच्या एका सुताराने शिवणीच्या खोडातून मला वाकसाने कोरून काढले. मैनाबाई तेव्हा नव्यानेच लग्न होऊन आल्या होत्या. बाजारात त्यांनी मला उलटे केले, बोटांनी वाजवून पाहिले आणि डोक्यावर घेऊन घरी आणले. त्यांचे घर बाळापूरपासून जवळच्याच एका खेड्यात. घरची बागायत होती. रोज सकाळी ज्वारीचे पीठ माझ्यात पडे, त्यात ऊन पाणी पडे आणि मैनाबाईंचा तळहात त्यावर जोर देऊ लागे. सणावाराला माझ्यात कणीक भिजे. उन्हाळ्यात शेवयांचा रवा मळताना चार बायका मला घेरून बसत. "मैनाबाईच्या काठोटीत पीठ कसं मऊ होते," असे त्या म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे.

एका कडक उन्हाळ्यात मला भेग गेली. मैनाबाईंनी पत्र्याची पट्टी ठोकून घेतली, पण मला टाकले नाही.

मैनाबाईंचा मुलगा शेखर. तो बागेतला माल अकोल्याच्या बाजारात नेतो. त्याची बायको प्रतीक्षा अमरावतीची, आणि त्यांची मुलगी आचल. आचल तीन वर्षांची झाली तरी अंगाला काही लागेना. हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र फुगलेले. खाल्लेले पोटात ठरत नसे. कोणी म्हणाले जंत असतील, कोणी म्हणाले नजर लागली. मैनाबाईंना दुकानातल्या बिस्किटांचा संशय होता. प्रतीक्षाला दुधाचा होता. एकेक करून बिस्किटे, दूध, दही, शेंगदाणे सगळे बंद झाले, तरी आचल तशीच.

शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितले, की गहू हिला चालत नाही. गव्हाचा कणसुद्धा पोटात गेला तर हिच्या आतड्यांना इजा होते. ती भरून येईपर्यंत दूधही नको. आधीच आचल खाण्याची नखरेल. आता तिच्यासाठी भाकर, भात, वरण, केळे आणि बटाट्याची भाजी, एवढेच उरले.

मैनाबाईंना हे काही पटेना.

"गव्हानं कोनी बिमार पडते काय? आमी काय माती खाऊन मोठे झालो?" त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी सर्वांदेखत आचलला गूळ लावलेला पोळीचा तुकडा दिला. आचलला इतकी ओकारी आणि हगवण लागली, की शेखरला तिला घेऊन दवाखान्यात धावावे लागले. तेव्हापासून मैनाबाईंनी गव्हाला मनोमन हात जोडले. पण प्रतीक्षाच्या मनात मात्र तो पोळीचा तुकडा कायमचा राहिला.

घरात नवा कायदा आला. आचलचा तवा वेगळा, ताटली वेगळी. जिथे गहूही दळतात त्या गावच्या चक्कीवर ज्वारी न नेता ती घरीच दळायची, म्हणून शेखरने छोटी घरघंटी आणली. एके दिवशी प्रतीक्षाने मला उजेडात धरले आणि माझ्या पट्टीखाली सुई घातली. सुईच्या टोकाला वाळलेले पांढरे पीठ आले. ते ज्वारीचे की गव्हाचे, मलाही सांगता आले नसते.

"आई, ही काठोट आता घरात नको."

मैनाबाईंनी मला धुतले, पुसले आणि मागच्या पडवीत, स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवले. आत चकचकीत स्टीलची परात आली. मला वाईट वाटले, पण मनात म्हटले, पोर बरी होत असेल तर होऊ दे.

पोर थोडी सुधारली, पण पूर्ण बरी काही झाली नाही. चार दिवस चांगले गेले, की पुन्हा पोट फुगे, पुन्हा रडारड. मी तर आता बाहेर होते. मग आत काय होते? प्रतीक्षा दिवसभर हाच विचार करू लागली. ती आचलचे तोंड हुंगून बघे. फ्रॉकचे खिसे उलटे करी. दुपारी दुरडीतल्या पोळ्यांवर हळूच नजर टाकी. शेजारची जमुना आचलला कडेवर घेई, तर प्रतीक्षा तिचे हात बघे. शेवटी जमुनाने येणेच कमी केले.

अशात मैनाबाई आठवडाभर रिद्धपूरला देवदर्शनासाठी गेल्या. त्या गेल्या आणि आचलचे पोट उतरले. ती पडवीत धावू लागली, माझ्यावर हाताने ढोलकी वाजवू लागली. मैनाबाई परत आल्या, आणि थोड्याच दिवसांत पोर पुन्हा मलूल झाली.

मित्रांनो, पडवीतून मला प्रतीक्षाचा चेहरा दिसत होता. हिशेब जुळावा, तसा तो चेहरा झाला होता.

त्या रात्री नव्हे, पण दुसऱ्या सकाळी तिने शेखरला पडवीत गाठले.

"आई काहीतरी चारून राहिल्या तिला."

"कायले चारीन ती? मांगच्या बारीले पाह्यलं ना तिनं काय झालं ते."

"मंग त्या गेल्या का पोरगी बरी आन् आल्या का बिमार, हे कसं?"

शेखर पाट्या उचलून गाडीकडे निघून गेला.

मैनाबाईंकडे वरण-भाताची जबाबदारी होती, कारण आचल वरण खायची ते आजीच्याच हातचे. प्रतीक्षाने एके दिवशी काय केले, फडताळावरच्या डब्यांच्या आड आपला फोन उभा केला, चित्रण सुरू केले आणि धुणे घेऊन बाहेर आली. दुपारी ती माझ्याजवळ उंबऱ्यावर बसून ते पाहू लागली. मलाही दिसत होते. मैनाबाई वरणाला फोडणी देतात. भाकर कुस्करतात. फुंकर घालून घास गार करतात. "उघड तोंड, माय," म्हणतात. आचल खाते. बस, एवढेच. पोळी नाही, बिस्किट नाही, काही नाही.

आता तरी तिचे समाधान व्हावे की नाही? पण संशयाचे पोट असे भरत नाही. "त्यायनं फोन पाह्यला असन," ती स्वतःशीच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी फोन दुसऱ्या जागी ठेवला.

त्या दिवशी मात्र मैनाबाईंनी तो खरोखरच पाहिला. तिखटाचा डबा काढायला त्यांनी हात घातला आणि फोन हाताला लागला. तो हातात घेऊन त्या पडवीत आल्या. प्रतीक्षा कपडे वाळत घालत होती.

"हे कायले ठेवलं, प्रतीक्षा?"

प्रतीक्षा थबकली. मग तिचा बांध फुटला. "आई, खरं सांगा. तुमी तिले चोरून काही देता का? तुमी राग मानू नका, पन सांगून टाका."

"मी? माह्या नातीले?"

"याच्या आधी देलं होतं ना तुमी!"

मैनाबाई खाली बसल्या. माझ्या काठावर त्यांनी हात टेकला. त्या म्हणाल्या, "देलं होतं. तोंडासमोर देलं होतं, चोरून नाई देलं." फोन त्यांनी अलगद उंबऱ्यावर ठेवला. "मी बेबीकडे जातो. तुया मनासारखं होऊ दे."

बेबीताई त्यांची मुलगी, धामणगाव रेल्वे या गावी दिलेली. शेखरने आईला फार विनवले. पण त्या दिवशी जेवणही न करता मैनाबाई गेल्या. आचल दारात उभी राहून आजीला हाका मारत राहिली.

आणि आचल खरोखर बरी होत गेली! गालांवर मांस दिसू लागले. प्रतीक्षाची खात्री पटली. जमुनाला तिने पडवीत सांगितलेसुद्धा, "म्या बरोबर वळखलं होतं." जमुना "हो ना," म्हणाली, पण तिचा आवाज मला पडलेला वाटला. शेखर जेवायचा आणि लगेच उठून गाडीकडे जायचा.

पण पुढे आचल जेवेनाशी झाली. प्रतीक्षाच्या वरणाची वाटी ती बाजूला सारी. "हे नाई. आजीचं वरन पायजे." आधीच खायच्या वस्तू मोजक्या, त्यातली एक गेली तर पोर खाणार काय? चढलेले वजन पुन्हा उतरेल की काय, या धास्तीने प्रतीक्षा हैराण झाली. सासूला फोन करायला तिची जीभ धजेना. मग तिला ते चित्रण आठवले. चोर पकडायला काढलेले चित्रण तिने पुन्हा उघडले, या वेळी वरण शिकायला.

उंबऱ्यावर बसून ती एकेक गोष्ट टिपत होती. तेल, जिरे, ठेचलेला लसूण, हळद आणि कोपऱ्यातल्या पिवळ्या डबीतली चिमूटभर पूड. "अस्सं, हिंग!" ती म्हणाली. आचलच्या वेळी दिवस गेल्यापासून हिंगाचा वास तिला सहन होत नसे, म्हणून तिच्या फोडणीत तो कधीच नसायचा. आता नाकाला पदर लावून तिने हिंग घातला. आचलने वाटी चाटूनपुसून साफ केली. प्रतीक्षाला आनंदाने रडू आले. मग रोज तेच वरण.

आठवडा उलटायच्या आत आचलचे पोट पुन्हा फुगले. जुलाब लागले, पोर वाटीकडे पाहीनाशी झाली.

प्रतीक्षा पडवीत येऊन बसली. घरात मैनाबाई नव्हत्या. जमुना येत नव्हती. पोळीसुद्धा तिने घरातून बंद केली होती. आता संशय घ्यायला दुसरे कोणी उरलेच नव्हते. तिने आपले दोन्ही हात समोर धरले आणि त्यांच्याकडे पाहत राहिली.

मग ती उठली. वरणात जे जे पडते ते ते तिने बाहेर आणून जमिनीवर मांडले आणि अकोल्याच्या दवाखान्यातल्या आहाराचा सल्ला देणाऱ्या मॅडमना फोन लावला. मॅडमनी शांतपणे सगळे ऐकून घेतले.

"नवीन काय घातलं तुम्ही?"

"काहीच नाही, मॅडम. फक्त हिंग."

"डबीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय, वाचा बरं."

प्रतीक्षाने डबी उजेडात धरली. "डिंक, गव्हाचं पीठ..." आणि तिने तीच ओळ पुन्हा वाचली.

मित्रांनो, शुद्ध हिंग फार उग्र असतो. म्हणून बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा हिंगात पीठ मिसळलेले असते, आणि कित्येकदा ते गव्हाचे असते. कोणी लपवले नव्हते, डबीवर छापलेले होते. चित्रणातही ती डबी समोर दिसत होती. पण सगळ्यांच्या नजरा मैनाबाईंच्या हातावर होत्या, हातातल्या डबीवर कोणाचीच नव्हती.

प्रतीक्षाने तिथूनच धामणगावला फोन केला. "आई, तुमी घरी या."

"कायले येऊ? पुना पोरगी बिमार पडली म्हंजे?"

"पडली, आई. माह्याच हातानं पडली." आणि तिने हुंदके देत सगळे सांगितले.

मला वाटले, आता मैनाबाई बोल लावतील. त्यांचा तो हक्कच होता. पण त्यांनी एवढेच विचारले, "आता कशी हाय माही पोरगी?"

शेखर जाऊन त्यांना घेऊन आला. मैनाबाई आल्या, पण आत गेल्या नाहीत, पडवीतच माझ्याजवळ बसल्या. आचल त्यांच्या मांडीवर चढली. प्रतीक्षाने पाया पडून म्हटले, "आई, चुकलं माह्यं. चाला, वरनाले फोडनी तुमीच द्या."

"तू उभी राय माह्याजवळ."

"नाई, मी पाहत नाई आता."

"पाह्य!" मैनाबाई जरा जोरातच म्हणाल्या. "माह्याच डबीतून गेला ना गहू? मले तरी कुठं मालूम होतं? माह्यावर नजर ठेव आन् सोतावरही ठेव. फक्त काही वाटलं तं तोंडावर इचार, बाई. फडताळात फोन नोको लपवू."

मग दोघी आत गेल्या. फोडणीचा आवाज आला. त्यात हिंगाचा वास नव्हता. आचलने पहिल्या दिवशी तोंड वाकडे केले, दुसऱ्या दिवशी थोडे खाल्ले. हळूहळू ती त्याच वरणाला आजीचे वरण म्हणू लागली.

मी मात्र परत आत गेले नाही. माझ्या भेगेत काय आहे याची खात्री कोणालाच नाही, मलाही नाही. म्हणून मला राग नाही. आता माझ्यात झेंडूची फुले निवडतात. मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादे मूल "मला हे चालत नाही," असे म्हणाले, तर "एका घासाने काय होते," असे म्हणून त्याला भरवू नका. घास केवढा आहे ते पोट पाहत नाही. आणि घरात कोणाचे दुखू लागले, तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी डबी उजेडात धरा.

परवा मैनाबाई फुले निवडत होत्या. आचलने माझ्यातला एक झेंडू उचलला आणि गंभीरपणे विचारले, "आजी, याच्यात गहू हाय का?"

प्रतीक्षाला हसू आले. मैनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी फूल हातात घेतले, उलटसुलट करून नीट पाहिले आणि तिला परत दिले.

"नाई, माय. पन इचारत जाय."