औसच्या डब्यातल्या रिंगा

यम्मा गेली, आणि त्या आठवड्यात घरात रिंगांचे खोके ठेवायला जागा उरली नाही.

दुःखाला येणारी माणसं खरं तर तांदूळ आणतात, कॉफी आणतात. पण अख्ख्या इर्बिद शहराला जणू माहीत होतं की हयामचा, म्हणजे या घरच्या यम्माचा, आईचा, धाकटा, पाच वर्षांचा औस, सकाळी दुधातल्या त्या परदेशी रंगीत रिंगांशिवाय कशाला तोंड लावत नाही. त्यामुळे जी बाई दारातून आत यायची ती एका हाताने डोळे पुसत आणि दुसऱ्या हातात खोका सांभाळत. खोक्यावर चष्मा लावलेला पाणघोडा, दात काढून हसतोय. फ्रिजवर पाणघोडा, कपाटावर पाणघोडा, यम्माच्या शिवणयंत्रावरसुद्धा पाणघोडा. मोठ्या खोलीत माणसं बिनसाखरेची कडू कॉफी पीत, मान खाली घालून बसलेली, आणि चहूबाजूंनी हे हसणं!

रनादला ते खोके उचलून रस्त्यावर भिरकावावेसे वाटत होते. रनाद म्हणजे औसची मोठी बहीण, दहावीतली. थोड्याच दिवसांपूर्वी तिने याच पाणघोड्यावर वर्गात भाषण ठोकलं होतं. खोक्याच्या पाठीवर चिकटवलेली अरबी चिठ्ठी तिने सगळ्यांसमोर नखाने खरवडून काढली, खालचे बारीक अक्षरातले घटक मोठ्याने वाचले, आणि म्हणाली, "मुलींनो, धान्याच्या खालोखाल साखर! मग पिवळा रंग, लाल रंग, निळा रंग. फळाचं फक्त चित्र!" काय टाळ्या पडल्या! कायम मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या रनादला त्या दिवशी आपला आवाज सापडला. मग काय, तो आवाज घेऊन ती थेट स्वयंपाकघरात शिरली.

"यम्मा, विष चारतेस तू त्याला, विष!"

यम्मा ओट्याशी रोटीबरोबर खायला झातरचा मसाला आणि तेल कालवत होती. "हो, मास्तरीणबाई."

"हसू नकोस. त्याचे दात किडतील. अंगात वारं शिरल्यासारखा नाचतो तो, कशामुळे? रंगांमुळे असेल!"

"हसत नाही गं. ऐकतेय. मास्तरीणबाईंनी चपला जागेवर ठेवल्या का?"

कोपऱ्यातून तेता, म्हणजे आजी, फिस्सकन हसली. "साखर वाईट म्हणे! आणि स्वतःच्या चहात चार चमचे कोण घालतं? पाणघोडा?"

रनाद पाय आपटत निघून गेली. यम्मा आठवीपर्यंत शिकलेली, तिला काय कळणार, असं तिच्या मनात आलं. आलं आणि तिथेच राहिलं. कारण त्यानंतर त्या विषयावर बोलायला वेळच मिळाला नाही. यम्मा एका दुपारी धुणं वाळत घालता घालता खाली बसली, डोकं फार दुखतंय म्हणाली, आणि परत उठली नाही.

आता औस आपल्या पत्र्याच्या डब्यातलं उरलंसुरलं खात होता. यम्मा खोका फोडून रिंगा त्या डब्यात ओतून ठेवायची. डबा संपला तेव्हा तेताने नवा खोका फोडला, वाटीत दूध घातलं, वर रिंगा घातल्या.

औसने एक चमचा खाल्ला आणि वाटी सरकवली. "हे ते नाही."

"अरे, तेच आहे! हा बघ पाणघोडा."

"पाणघोडा तोच. रिंगा त्या नाहीत."

दुसरा खोका फोडला. तिसरा फोडला. नाहीच. मग लबनेहचं घट्ट दही, अंडं, मध लावलेली रोटी. औस ओठ घट्ट मिटून बसला. दिवसभरात दोन ऑलिव्ह आणि घोटभर पाणी. पहिल्या दिवशी रनादला वाटलं, बरं झालं, सुटला एकदाचा. दुसऱ्या दिवशी त्याला उचलून घेतलं तेव्हा तो पिशवीसारखा हलका लागला.

बाबा अकाब्याच्या बंदरातून ट्रक भरून इर्बिदला आणायचा. प्रत्येक खेपेला औससाठी खोका आणायचा आणि दारातूनच ओरडायचा, "कुठाय माझा पाणघोडा?" आता तोही मुलापुढे वाटी धरून गुडघ्यावर बसला. "खा ना रे राजा. बाबाने आणलंय."

"हे गोड आहे," औस रडवेल्या आवाजात म्हणाला. "खूप गोड आहे. यम्माचं करा."

बाबा उठून बाहेर गेला.

गोड आहे? रनाद चमकली. हा मुलगा, आणि गोड आहे म्हणून नाही म्हणतो? तिने रिकामा पत्र्याचा डबा घेतला, तळहातावर उलटा आपटला. रंगीत चुरा पडला. त्यात तपकिरी, नखाएवढे बारीक तुकडे. रिंगांचे नव्हेत. तिने एक तोंडात टाकला.

रोटी होती. खरपूस भाजलेली रोटी, आणि तिला यन्सूनचा वास, सर्दी झाली की यम्मा ज्याचा काढा द्यायची त्या बडीशेपेचा.

स्वयंपाकघराच्या दारामागे यम्माची कापडी पिशवी टांगलेली असायची. ताटातली उरलेली रोटी यम्मा टाकायची नाही. ओठांना लावायची, कपाळाला लावायची आणि त्या पिशवीत ठेवायची. शेजारच्या कोंबड्यांसाठी असेल, असं रनाद आजवर धरून चालली होती. तिने पिशवी खाली काढली. आत वाळलेल्या रोट्या, एक कात्री आणि यन्सूनची पुडी.

"तेता," ती म्हणाली, आणि तिचा नवा आवाज कुठे गेला कोण जाणे. "तेता, यम्मा डब्यात रोटी मिसळत होती."

"हो," तेता म्हणाली. "मला वाटायचं पुरवून पुरवून वापरतेय. आधी मूठभर मिसळायची. मग मुठी वाढत गेल्या. शेवटी शेवटी रिंगा नावालाच असायच्या."

"मग मला का नाही सांगितलं? मी एवढी ओरडले तिच्यावर!"

दारात बाबा उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "मलापण नाही बोलली," तो म्हणाला. "एकदा बोलली असती, तर आणलेच नसते खोके."

"खोका घेऊन दारात उभा राहायचास ना, तेव्हाचं तुझं फुललेलं तोंड तू बघितलं नाहीस," तेता म्हणाली. "तिने बघितलं होतं."

बाबा खाली फरशीवर बसला. थोड्या वेळाने त्याने कात्री उचलली. रनाद रोटी फाडून देत होती, तो कापत होता. ट्रकचं चाक फिरवणारे त्याचे जाड हात कात्रीत धड मावत नव्हते. तुकड्यांची भाजायला ठेवलेली पहिली परात करपली. दुसरी नीट झाली. किती रोटी, किती रिंगा, हे कुणालाच माहीत नव्हतं. रनाद मिसळायची, चाखायची, पुन्हा मिसळायची. जिभेवर कधी एकदा यम्मा येते याची वाट बघत.

औसपुढे वाटी ठेवली. त्याने वास घेतला. एक चमचा खाल्ला. कुर्रकन आवाज झाला.

त्याचा चेहरा उजळला. चमचा टाकून तो खुर्चीवरून उतरला आणि स्वयंपाकघरात धावला. दारामागे बघितलं. ओट्याखाली बघितलं.

"यम्मा! सापडलीस!"

तेताने ओढणीत तोंड लपवलं. औस एव्हाना गच्चीच्या जिन्यावर पोचला होता. रनाद त्याच्यामागे धावली. पाण्याच्या टाकीमागे तो वाकून बघत होता, हसत होता, लपाछपीत ठेवतात तसा एका डोळ्यावर हात ठेवून.

"औस. यम्मा नाहीये इथे."

"आहे. तिने रिंगा केल्यात."

"मी केल्यात. बाबाने आणि मी."

"खोटं! यम्माच्या आहेत."

"तिच्यासारख्या केल्यात. पण केल्यात मी." रनादने दोन्ही हात पुढे केले. "बघ."

त्याने हातांचा वास घेतला. आधी उजव्या, मग डाव्या. यन्सून, भाजकी रोटी, थोडं करपलेलं. मग त्याने तिच्या तळहातात तोंड खुपसलं आणि यम्मा गेल्यापासून पहिल्यांदा रडला, मोठ्याने, शेजारपाजारचे लोक खिडकीत येतील इतक्या मोठ्याने. रनादने त्याला गप्प केलं नाही.

खूप वेळाने ती त्याला कडेवर घेऊन खाली आली. वाटीतलं दूध फिकट गुलाबी झालं होतं, तुकडे भिजून मऊ पडले होते. औस तिच्या मांडीवर बसला आणि हुंदके देत देत एकेक चमचा खात राहिला.

बाबा फरशीवरच होता. पिशवीतल्या सगळ्या रोट्या संपल्या होत्या, तरी कापलेलेच तुकडे तो पुन्हा कापत होता. बारीक, आणखी बारीक.