तिसऱ्या घराचे टोले

कोगनोळीच्या वरच्या अंगाला दूधगंगा एका जागी दोन फाट्यांनी वाहते आणि मधे जमिनीचा एक तुकडा सोडून देते. लोक त्याला नुसतं बेट म्हणतात. बेटावर ऊस आहे, थोडा तंबाखू आहे आणि चार घरं आहेत. पूल नाही. दर निवडणुकीला तो भाषणात होतो आणि निकाल लागला की वाहून जातो. तोवर येणं-जाणं काईलीतून. काईल म्हणजे गुऱ्हाळावरची गूळ आटवायची लोखंडी कढई. जुनी होऊन गुळाच्या कामाची उरली नाही की बेटावरची माणसं तिला नदीत घालतात आणि बांबूच्या रेट्यानं पल्याड नेतात. नवख्याच्या हाती दिली तर ती जागच्या जागी गिरक्या घेते आणि त्याला घाम फोडते.

पल्याडच्या काठावर जांभळीच्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला आहे. ज्याला बेटावर यायचं त्यानं तो ठोकायचा. पहिल्या घराला एक टोला, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार. ज्याच्या घराचे टोले, त्यानंच काईल घेऊन जायचं. दुसऱ्याच्या टोल्याला कान द्यायचा नाही, हा बेटाचा कायदा. कुणाच्यातरी आजोबांनी एकदा शेजाऱ्याचा पाहुणा परस्पर आणून सोडला, तो पाहुणा त्या घराला नको असलेला निघाला, आणि दोन घरांची बोलाचाल कायमची बंद पडली. तेव्हापासून पाहुण्याला आणायचं की काठावर ठेवायचं, हे ज्याचं त्यानं बघायचं.

भावकूचं घर तिसरं. आणि भावकूनं सात वर्षं आपल्या पोटच्या पोरीला काठावर ठेवलं होतं.

राजश्री त्याची एकुलती एक. तिनं चिकोडीकडच्या वृषभशी, एका जैन शेतकऱ्याच्या मुलाशी, कुणाला न विचारता रजिस्टर लग्न केलं. पोरगा निर्व्यसनी, कष्टाळू, घरचं सगळं बरं. पण भावकूला विचारलं नव्हतं ना, मग संपलं. "ह्या काईलीत पुन्ना तिचा पाय पडायचा न्हाय," असं तो चारचौघांत म्हणून बसला. बेटावर हे बोलणं साधं नव्हे. काईल बंद म्हणजे माहेर बंद.

त्याची बायको मंगल भांडली नाही. तिनं वेगळीच वाट काढली. राजश्री दरसाल भोगीला पल्याडच्या काठावर यायची आणि तीन टोले द्यायची. मंगल तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, भोगीची भाजी आणि लोण्याचा गोळा डब्यात घालून एकटीच काईल घेऊन जायची. मायलेकी जांभळीखाली बसून जेवायच्या. भावकू तेवढा वेळ नदीकडं पाठ करून अंगणात बसायचा आणि उगीच दोऱ्या वळायचा. मंगल परत आली की थोड्या वेळानं विचारायचा, "भाकरी खाल्ली काय?"

"कुणी?" मंगल म्हणायची. त्याच्या तोंडून नाव काढवायचा तिचा हा डाव. नाव कधी निघालं नाही.

गेल्या श्रावणात मंगल गेली. ताप डोक्यात गेला, नदीला पाणी मावत नव्हतं, दवाखान्यापर्यंत न्यायलाही वेळ मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर दहन पल्याडच्या काठावर केलं. राजश्री आली होती. छोट्या पोरीला कडेवर घेऊन ती जांभळीखाली उभी राहिली आणि बापाकडं बघत राहिली. एक हाक मारली असती तर ती धावत आली असती. भावकूला हे तेव्हाही कळत होतं. तो मान खाली घालून उभा राहिला. चौथ्या घरच्या नागुबाईनं मात्र राजश्रीला पोटाशी धरलं आणि तिच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत राहिली.

पहिली दोन घरं मोठ्या पुरानंतरच रिकामी झाली होती. दिवाळीत नागुबाईही निपाणीला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेली. जाताना रडली, आपलं जातं भावकूच्या पडवीत ठेवून गेली. बेटावर उरला भावकू आणि त्याची एक म्हैस.

थंडी पडली. सकाळी धुकं असं उतरायचं की गोठ्यातून म्हशीचं तोंड दिसायचं नाही. गुऱ्हाळं सुरू झाली, पल्याडून गुळाचा वास यायचा. भावकू दूध घालायला पल्याड जायचा, आदर्शच्या टपरीवर चहा प्यायचा, परत यायचा. घरात बोलायला माणूस नव्हतं. एके सकाळी त्यानं स्वतःसाठी भाकरी थापली, ती मधेच फाटली, आणि सवयीनं तो म्हणाला, "मंगल, बघ गं ही." मग चुलीपुढं बसून तो लहान पोरासारखा रडला. रडणं ओसरल्यावर त्याच्या तोंडून सात वर्षांत पहिल्यांदा नाव निघालं. राजश्री. ऐकायला मंगल नव्हती.

त्या दिवशी त्यानं ठरवलं, यंदा भोगीला लेकीला काईलीत घालून घरी आणायचं. ती येईल का, हा एकच घोर होता. इतकी वर्षं ती आईसाठी येत होती. आता आली तर ती बापासाठी आली असं होणार होतं.

आदर्श शहाणा माणूस. त्यानं सरळ विचारलं, "आप्पा, फोन लावून देऊ काय तिला? नंबर कुणाकडंबी मिळंल."

"कशाला? येती की ती. दरसाल येती," भावकू म्हणाला आणि घटाघटा चहा पिऊन उठला. बोलावणं धाडायचं म्हणजे आपण चुकलो असं आधी बोलायला हवं, आणि ते त्याच्या तोंडातून निघत नव्हतं. तिनं नेहमीसारखे तीन टोले द्यावेत, आपण न बोलता काईल घेऊन पुढं उभं राहावं, म्हणजे बोलायचं कामच उरत नाही. एवढ्या एका सोयीसाठी त्यानं सगळं त्या रुळावर टाकलं.

तयारी मात्र त्यानं नवरीच्या बापासारखी केली. काईल पल्याड नेली, ट्रॉलीत घालून कोगनोळीला वेल्डिंग मारून आणली. अंगण सारवलं, आणि पुरुषानं सारवलेलं अंगण दिसतं तसंच ते दिसलं. मंगलची वाकळ, तिनं शिवलेली गोधडी, उन्हात टाकली. नातीला म्हणून तिळाच्या रेवड्या आणून डब्यात ठेवल्या.

त्यात नाताळच्या सुट्टीपासून काठावर नवीनच ताप सुरू झाला होता. निपाणीची, कागलची पोरं गाड्या घेऊन सहलीला यायची, स्पीकर लावायची, आणि रूळ दिसला की ठोकत सुटायची. कधी सात, कधी दहा, कधी नुसता गोंगाट. पहिल्या दिवशी भावकू धावत काठावर गेला होता. धुक्यातून स्पीकरची गाणी ऐकू आली तसा शिव्या घालत माघारी फिरला. मग त्यानं कान बांधूनच घेतले. नीट तीन ऐकू आले तरच उठायचं.

भोगी आली. भावकू पहाटेच उठला, तीळ लावून अंघोळ केली, मंगल घालायची तसं घेवडा, वांगं, गाजर, हरभरा सगळं एकत्र शिजवलं. मीठ दोनदा पडलं. मग काईलीत वाकळ अंथरून तो काठावर बसला. धुकं इतकं दाट होतं की पाणी पायाशी असून नुसतं ऐकू येत होतं.

पल्याडून टोले पडले. एक, दोन, तीन. भावकू उठला, त्यानं बांबू हातात घेतला. आणि चौथा पडला.

"नागुबाईचं कोणतरी," तो पुटपुटला आणि पुन्हा बसला. सणाला कुणी पावणं आलं असणार, बिचाऱ्याला ती निपाणीला गेलेली ठाऊक नसणार. थोड्या वेळानं कळंल आणि जाईल. हाक मारून सांगण्याइतकी नदी अरुंद नव्हती, आणि दुसऱ्याच्या टोल्याला उत्तर द्यायची रीतही नव्हती.

थोड्या वेळानं पुन्हा चार. मग पुन्हा चार, जरा हळू. भावकूला आता राग यायला लागला. ह्या माणसानं रूळ असाच अडवून धरला तर माझ्या पोरीला टोला द्यायला जागा कुठं राहील, असं त्याच्या मनात आलं. तो काईलीच्या काठावर बोटं वाजवत बसून राहिला.

शेवटचे टोले फारच सावकाश आले. ठोकणाऱ्याचा हात दमला असावा. एक. दोन. तीन. बराच वेळ काहीच नाही. भावकू अर्धा उठला. मग चौथा पडला, आणि रूळ गप्प झाला.

"सुटलो," भावकू म्हणाला. आता कान मोकळे होते. तो तीन टोल्यांची वाट बघू लागला.

ऊन वर आलं, धुकं फाटलं, पल्याडची जांभळ दिसू लागली. झाडाखाली कुणी नव्हतं. फांदीला मात्र काहीतरी लोंबत होतं. भावकू काईल रेटत पल्याड गेला. रुळाशेजारी एक कापडी पिशवी अडकवली होती. आत स्टीलचा डबा, डब्यात तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि भोगीची भाजी. मंगल ज्या डब्यात घेऊन यायची तोच डबा. गेल्या वर्षी तो लेकीकडंच राहिला होता.

आदर्श टपरीतून खाली उतरून आला. "आप्पा, राजश्री आक्का आलती," तो म्हणाला. "मी टपरी उघडायला आलो तवा ती निघालीच हुती. पोरगीबी हुती संगं."

"टोलं कुठं दिलं तिनं?" भावकूनं विचारलं. "मी बसलोय की सकाळधरनं. माझ्या घराचं टोलं वाजलंच न्हाईत."

आदर्शनं खाली बघितलं. "चार दिलं म्हणं तिनं. मंगलमावशीच्या दिसांत नागुबाईनं तिला सांगितलंतं, माहेर तुटलं असं समजू नगं, माझ्या घराचं टोलं दे, मी नेती तुला तुझ्या आप्पाकडं. नागुबाई निपाणीला गेली हे तिला काय ठावं? मी सांगितलं तवा नुसती बसली. मी म्हणालो, आक्का, तीन दे की, आप्पा हाईत घरात."

"मग?"

"म्हणाली, तीनला आई यायची. आप्पा कवा आलतं?"

भावकू जांभळीच्या मुळावर बसला. ते शेवटचे टोले त्याला पुन्हा ऐकू आले. एक, दोन, तीन, मग ती मधली शांतता. त्या शांततेत तिचा हात थांबला होता. बाप असेल का, येईल का, असं मनात आणून थांबला असेल. आणि तो काईल पल्याड रेटायचं सोडून काईलीच्या काठावर बोटं वाजवत बसला होता.

"माझा नंबर घेऊन गेली," आदर्श म्हणाला, "आणि आपला देऊन गेली. आप्पांना काय लागलं-सवरलं तर कळव म्हणाली. लावू?"

या खेपेला भावकूनं नाही म्हटलं नाही. आदर्शनं फोन लावून त्याच्या कानाशी धरला. पलीकडं बसचा खडखडाट होता आणि एक बारका आवाज. "हॅलो, कोण?"

"आई हाय काय गं बाळ?"

"आई झोपलिया. लई रडली, मग झोपली. उठवू?"

"नगं," भावकू घाईनं म्हणाला. "नगं उठवू. झोपू दे तिला. तुजं नाव काय?"

"श्रद्धा. तुमी कोण?"

नातीनं आयुष्यात पहिल्यांदा विचारलेला प्रश्न. आजोबा म्हणायला तोंड उरलं नव्हतं. "मी बेटावरनं बोलतोय," तो म्हणाला.

"ह्यॅ, खोटं," पोरगी म्हणाली. "बेटावर आता कुणीच ऱ्हात न्हाय. आम्ही लई टोलं दिलं. आई म्हणाली, सगळी गेली."

"बाळ, ऐक," भावकू म्हणाला, पण आवाज तुटला होता. आदर्शनं पुन्हा लावला. या वेळी एक बाई कन्नडमधून सांगू लागली की हा फोन आता लागत नाही. आदर्शनं आणखी एकदा लावून बघितलं. तीच बाई.

"घाटात गेली असंल बस," आदर्श म्हणाला. चिकोडीच्या वाटेला घाट नाही, हे दोघांनाही माहीत होतं. "सांजच्याला परत लावू, आप्पा. चहा टाकतो." तो टपरीकडं वळला.

भावकूनं डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडून भाजीला लावला. मीठ बरोबर होतं, मंगलच्या हाताइतकं बरोबर. त्यानं डबा मिटला. तो उठला, झाडाच्या बेचक्यात ठेवलेला लोखंडी दांडा त्यानं काढला आणि रुळावर मारला. एक. दोन. तीन.

टोल्यांचा आवाज नदीवरून पलीकडं गेला. बेटावर तिसऱ्या घराचं दार उघडं होतं, अंगण सारवलेलं होतं. भावकू दांडा हातात धरून बराच वेळ तिकडं बघत उभा राहिला. त्याला न्यायला येईल असं त्या घरात कुणी नव्हतं, आणि काईल तर त्याच्याच पायाशी, वाकळ अंथरून, रिकामी उभी होती.