भाऊंची खुर्ची

आमच्या पाड्यावरच्या प्रार्थनाघरात सगळे सतरंजीवर बसतात, पाळकसुद्धा. पुढे एकच सागाची खुर्ची असते आणि तिच्यावर कुणी बसत नाही. ती प्रभूची. आपला राजा कोण, हे पोराबाळांना कळावं म्हणून माझ्या सासऱ्याने ती स्वतःच्या हाताने बनवली होती. दर रविवारी माझी बायको बेबाबाई ती पदराने पुसायची.

मी झुलाल, इथल्या ख्रिस्ती मंडळीचा पंच. लोक मला शहाणा समजत. कशावरून, देव जाणे.

निवडणुकीआधीच्या झावळ्यांच्या रविवारी आमचे पुढारी, भाऊ, आले. प्रभूचं राजासारखं स्वागत झालं त्या दिवसाची आठवण म्हणून आम्ही शिंदीच्या झावळ्या हलवत राजाचं गाणं म्हणत होतो आणि दारात पांढरी गाडी थांबली. भाऊ मला म्हणाले, "नाना, गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही हो." मी इकडेतिकडे पाहिलं आणि ती खुर्ची पुढे ओढली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

का ओढली? तर नाल्याकाठच्या आमच्या दफनभूमीचा कागद करून घ्यायचा होता. चाळीस वर्षं आम्ही आमची माणसं तिथे पुरतो, पण जागा कुणाच्याच नावावर नाही. आमची लेक कामिनीही तिथेच आहे. सहा वर्षांची असताना तापाने गेली. भाऊंनी खुर्चीच्या हातावर थाप मारून शब्द दिला, "कागद होणार." लोकांनी पुन्हा झावळ्या हलवल्या. आता कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही.

बेबाबाई उठून बाहेर गेली. घरी आल्यावर म्हणाली, "ती खुर्ची प्रभूनी शे. तुम्ही कोनले बसाडं तठे?" मी तिच्यावर खेकसलो, म्हटलं कागद काय तुझा बाप करणार आहे? त्या दिवसापासून तिने खुर्ची पुसणं सोडलं. आणि पाड्यावरचे लोक तिला भाऊंची खुर्ची म्हणायला लागले.

भाऊ निवडून आले. मग गरज सरो, वैद्य मरो. साक्रीला त्यांच्या घरी मी पाच हेलपाटे घातले, दर वेळी भाऊ धुळ्याला गेलेले. कागद मात्र झाला, उगाच खोटं कशाला बोलू. भाऊंच्या साडूच्या नावाने झाला. त्याने काटेरी तार ओढली, फाटक बसवलं, कुलूप लावलं. आत आमची एकतीस माणसं. पाळक म्हणाले, इस्राएल लोकांनीही हट्टाने राजा मागितला होता, आणि तो तुमची शेतं घेईल असं देवाने त्यांना आधीच बजावलं होतं. मग मला तेव्हाच सांगायचं होतं ना, बाबा.

दिवाळीनंतर बेबाबाईने अंथरूण धरलं. तिने एकच मागितलं, "माले कामिनीजोडे ठेवा." मी हो म्हणालो, तिच्याशेजारीच पुरू म्हणालो. जाणाऱ्या बाईशी खोटं बोललो.

ती गेली, तेव्हा साडूच्या माणसांनी फाटक उघडलं नाही. दुपारपर्यंत आम्ही तिला घेऊन तारेपाशी उभे होतो. शेवटी टेम्पोत घालून साक्रीपलीकडे, दुसऱ्या मंडळीच्या जागेत नेलं. तिथे तिच्या ओळखीचं एक माणूस पुरलेलं नाही. तो दिवस आठवला की मला माझीच लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी भाऊ भेटायला आले. आम्ही अंगणात जमिनीवर बसलो होतो. कुणीतरी पळत गेलं आणि प्रार्थनाघरातून ती खुर्ची उचलून आणली. मला कामिनीच्या जागेची ओंजळभर माती हवी होती, बेबाबाईवर टाकायला, आणि फाटकाची किल्ली साडूकडे. साडूला सांगणार कोण, तर भाऊच.

खुर्चीवर आठ महिन्यांची धूळ होती. बेबाबाईने हात लावला नव्हता ना. मी खांद्यावरचा रुमाल काढला, खुर्ची नीट पुसली आणि म्हणालो, "बसा भाऊ."