नववी गाठ

आमच्या नॉर्वेत एक मिल म्हणजे दहा किलोमीटर. हे आम्ही नको तितकं ध्यानात ठेवलं, म्हणून सगळा घोळ झाला.

माझे बाबा, तोरलाइव, विमानात दिशादर्शक होते. कोपनहेगनहून ध्रुवाच्या वाटेनं अँकरेज: सातशे मिल, सतरा तास. ते निघाले की आई पृथ्वीच्या गोलावर लाल लोकर ताणून ठेवायची. लोकरीला तासागणिक एक गाठ, त्यातली नववी ध्रुवाची. त्या घटकेला बाबा वर कॉफी प्यायचे आणि आई खाली आमच्या बूडो गावातल्या स्वयंपाकघरात. तसं दोघांचं ठरलेलंच होतं. आम्हा पोरांना तेव्हा गरम वाफल मिळायचं, त्यामुळे ध्रुव आमचा भारी लाडका. ते दिवस आठवले की मला अजून गलबलून येतं.

"तुला एकदा ध्रुवावरून नेईन," असं बाबा आईला सांगत राहिले आणि तसेच गेले. विमानांनीही रशियावरची जवळची वाट धरली. आता ते आकाश बंद झालं, वाट पुन्हा ध्रुवाकडे वळली, आणि नेमकं माझ्या मुलीचं लग्न तोक्योत ठरलं. शहाऐंशी वर्षांची आई लोकर पर्समध्ये घालून तयार!

"उन्नी, ध्रुवावर मी जागी हवी. डोळा लागला तर चिमटा काढ."

पहाटेपासूनच्या दगदगीनं विमानात चार तासांतच ती पेंगायला लागली. मी हवाई सुंदरीला ध्रुव किती लांब ते विचारलं. डॅनिश मुलगी, तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं बोलणारी. पायलटला विचारून आली आणि म्हणाली, "अजून तीनशे मिल."

"म्हणजे तीन तास तरी आहेत," मी आईला म्हटलं. "झोप जरा." आणि तीन तासांचा गजर लावून मीही आडवी झाले.

गजर वाजला. समोरच्या नकाशावर अलास्काचा किनारा! ध्रुव केव्हाच मागे पडला होता. त्या मुलीचे मिल पायलटचे, सागरी. आमच्या मिलच्या पाचव्या हिश्शाएवढेही नाहीत. तेव्हा आम्ही ध्रुवापासून जेमतेम पाऊण तासावर होतो.

मला रडूच फुटलं. "आई, चुकलं गं माझं. गेला ध्रुव."

आईनं नकाशावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "रडतेस काय वेड्यासारखी? ती बोलली तेव्हापासून आपण किती आलो?"

मी नाक पुसत हिशेब केला. "तीनशे मिल. आपले."

"मग बरोबर आहे की. तुझे बाबा इथं वर काय मोजायचे ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला घरी आपल्या मिलमध्येच सांगायचे." तिनं पर्समधून लोकर काढली, नववी गाठ चिमटीत धरली. "हाच माझा ध्रुव. बोलाव त्या बटाटेवालीला."

आईनं दोन कॉफी मागितल्या. कप आले तसा मी एकाला हात घातला.

"तो तुझा नाही," आई म्हणाली.

मी हात मागे घेतला.